मैदान न बघता माणूस निवडू नकोस

घनसावंगी



परवा तू येऊन गेलास. पेढ्यांचा पुडा कपाटात तसाच आहे, मी तो उघडलेला नाही. तू गाडीत बसलास तेव्हा दारात उभी राहून मी हात केला, कारण तुझा ड्रायव्हर समोर होता आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाला परक्यादेखत बोलू नये एवढं मला कळतं. आता परकं कुणी नाही. खाली बस, फोन बाजूला ठेव आणि शेवटपर्यंत वाच.

तू म्हणालास, "बाई, प्रशिक्षक म्हणून माणूस चांगला आहे हो. चार वर्षांत तीनदा आंतरमहाविद्यालयीन कबड्डी जिंकलाय. पण पडला लहान जागेचा. आमच्याकडे राज्य खेळलेल्या, देश खेळलेल्या मुली येतात. त्याला झेपेल का?" मग विचारलंस, पितो का, कुणाशी भांडण आहे का, कोणत्या पुढाऱ्याचा आहे. मी सरळ उत्तरं दिली. मग तू घड्याळ बघितलंस आणि उठलास.

त्याचं मैदान माझ्या घरापासून पायी दहा मिनिटांवर आहे. सकाळची साडेसहाची वेळ होती आणि मुली मैदानात होत्या. एवढ्या मोठ्या अकादमीच्या निवड समितीवर तू बसतोस, एका माणसाच्या आयुष्याचा निकाल द्यायला शंभर कोस गाडी हाकत येतोस आणि दहा मिनिटं चालत जाऊन त्याचं काम बघत नाहीस? मी तुला गणित शिकवलं. उदाहरण न वाचता पाठीमागच्या पानावरचं उत्तर उतरवायची खोड तुला सातवीत होती. ती अजून गेलेली नाही. तीन विजेतेपदं हे पाठीमागच्या पानावरचं उत्तर आहे. ते आलं कसं, हे वहीच्या आतल्या पानांत असतं.

तू बघितलं नाहीस ते मी सांगते. मुलींच्या कबड्डीचं मैदान बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद. आपली माती काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात पायाला चिकटून बसते. त्याने मुरूम आणि पोयट्याची माती आणून स्वतःच्या हातांनी ते मैदान केलं. रोज संध्याकाळी पाणी मारतो. चुन्याच्या रेषा स्वतः ओढतो. त्याच्याकडे चौदा मुली आहेत, पण दिवाळीनंतर चौदा कधीच नसतात. कुणाचे आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या हद्दीत जातात, मग धाकट्या भावंडांना सांभाळायला ही पोरगी बरोबर जाते. कुणाच्या घरी कापसाची वेचणी असते. तो घरोघर जातो. ओट्यावर बसतो. आजीला म्हणतो, पोरीला तुमच्याजवळ ठेवून घ्या, तिच्या पोटाचं मी बघतो. काही आज्या ऐकतात, काही ऐकत नाहीत.

म्हणून हिवाळ्यात त्याच्याकडे सरावाला कधी पाच मुली असतात, कधी चार. चार मुलींत कबड्डीचा सराव कसा करायचा, हे तुझ्या समितीतला एक तरी माणूस सांगेल का? त्याने काय केलं ते ऐक. मैदानात तीन किंवा त्याहून कमी मुली उरल्या असताना चढाई करणारीला पकडलं, की एक गुण जास्त मिळतो. आपण त्याला अव्वल पकड म्हणतो, तुमचे टीव्हीवाले सुपर टॅकल म्हणतात. बाकीचे संघ तिघींवर आले की घाबरतात, लोण पडणार म्हणून पाय मागे घेतात. ह्याच्या मुली वर्षाचे चार महिने तीन-चार जणींतच खेळतात. तीन उरल्या की त्यांचा खेळ सुरू होतो. समोरचीला कोपऱ्याकडे येऊ द्यायचं, हात लावू द्यायचा नाही, तिसाव्या सेकंदाकडे ढकलत न्यायचं आणि परत फिरताना घोट्यात धरायचं. गेल्या वर्षीचा अंतिम सामना त्यांनी असाच फिरवला. मी तिथे होते. उणिवेतून त्याने डाव उभा केला. ही गोष्ट निकालाच्या कागदावर लिहिलेली नसते रे.

आता तुझा तो शब्द. "लहान जागेचा." हा शब्द तुझ्या तोंडून आला म्हणून मला जास्त लागला. तू कुठला? तुझ्या वडिलांची मोसंबीची बाग कुठे होती? पहिल्यांदा जिल्ह्याला गेलास तेव्हा "कुठून आला" विचारल्यावर घनसावंगी न सांगता जालना सांगायचास, हे तूच मला कबूल केलं होतंस. तेव्हा तू बारा वर्षांचा होतास, मी हसून सोडून दिलं. आज सोडणार नाही. आपल्याच तालुक्यातल्या जांबेत रामदासस्वामी जन्मले. त्या गावाला मोठं म्हणायला तेव्हा काय होतं? तिथून निघालेल्या मुलाने पुढे गावोगाव मारुती उभे केले आणि बळाची उपासना घरोघर नेली. जागा लहान असते, माणूस त्याच्या कामाएवढा असतो.

तुझ्याच खेळातलं उदाहरण देते. नाशिकच्या शैलजा जैन तुला माहीत आहेत का? नसतील तर समितीवर बसायचा तुला अधिकार नाही. वर्षानुवर्षं त्यांनी महाराष्ट्रात मुली घडवल्या. भारतीय महिला संघाची जबाबदारी मिळावी अशी त्यांची इच्छा होती. ती मिळाली नाही, हे त्यांनी उघडपणे सांगितलं होतं. मग इराणने त्यांना बोलावलं. भाषा वेगळी, अन्न वेगळं, पोशाखाचे नियम वेगळे. ही बाई गेली, कामापुरती फारसी शिकली, मुलींना योग आणि प्राणायाम शिकवला. महिला कबड्डी आशियाई खेळांत २०१० साली आली. तेव्हा आणि २०१४ साली सुवर्णपदक भारताचंच होतं. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्तात अंतिम सामना झाला. इराण २७, भारत २४. ज्या खेळाला आपण आपल्या मातीतला म्हणतो, त्यात आपल्याच मातीतल्या बाईने घडवलेल्या परक्या मुलींनी आपल्याला हरवलं. त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला आणि आपल्या निवडणाऱ्यांची लाज वाटली. नाशिकला जाऊन दहा मिनिटं कुणी मैदान बघितलं असतं तर?

आता तू म्हणशील, "म्हणजे बाई, डोळे झाकून घ्यायचं का त्याला?" नाही. डोळे उघडून घे किंवा डोळे उघडून नाकार. लहान जागेत जिंकलेला प्रत्येक जण मोठ्या जागेत जिंकतोच, असा भाबडेपणा मी तुला कधी शिकवला नाही.

खालिद जमील यांचं बघ. मुंबई एफसी हा फुटबॉल संघ त्यांनी सात वर्षं सांभाळला. मग मिझोरामच्या ऐझॉलला गेले. तो संघ आदल्या हंगामात आय-लीगमधून खाली घसरला होता, पुन्हा घेतला गेला म्हणून खेळत होता. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये शेवटचा सामना त्यांनी एक-एक बरोबरीत सोडवला आणि मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे राहून लीग जिंकली. सगळा देश चकित झाला. लगेच कोलकात्याच्या ईस्ट बंगालने जमील यांना नेलं. केवढा जुना क्लब, केवढी गर्दी, केवढी अपेक्षा. त्या हंगामात संघ चौथा आला आणि जमील यांना जावं लागलं. ज्यांनी आदल्या वर्षी खांद्यावर घेतलं होतं, त्यांतलेच पुष्कळ जण म्हणाले, लहान संघाचाच माणूस हा.

तसं होतं का? पुढे त्यांनी नॉर्थईस्ट युनायटेडला आयएसएलच्या उपांत्य फेरीत नेलं. जमशेदपूरलाही उपांत्य फेरीपर्यंत आणलं. १ ऑगस्ट २०२५ रोजी ते भारताचे प्रशिक्षक झाले. त्या महिन्याअखेर एका स्पर्धेत भारताने ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात हरवलं, नंतर ओमानला पेनल्टीवर हरवून त्या स्पर्धेत तिसरं स्थान मिळवलं. तेव्हा जयजयकार झाला. ऑक्टोबरमध्ये मडगावात सिंगापूरकडून हरले, आशियाई चषकाची वाट बंद झाली, नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडून हरले. लगेच लोक म्हणाले, बघा, झेपलं नाही. ऑगस्टमध्ये शहाणा असलेला माणूस नोव्हेंबरमध्ये अडाणी होतो का? माणूस तोच असतो. त्याच्याभोवती काय आहे ते बदलतं. सरावाला किती दिवस मिळाले, हवे ते खेळाडू क्लबांनी सोडले का, संघ आधी कुणी बांधलेला होता, हे कुणी विचारत नाही.

म्हणून "झेपेल का?" हा प्रश्नच चुकीचा आहे. बरोबर प्रश्न मी फळ्यावर लिहिल्यासारखे लिहून देते. उतरवून घे.

पहिला प्रश्न. त्याचा डाव उणिवेतून आला आहे. तुझ्याकडे सातही मुली ताकदीच्या आणि बाकावर आणखी पाच. तिथे तो काय करेल? त्यालाच विचार. उत्तर देताना तो बोलेल कमी, कागदावर साखळी काढून दाखवेल. ती समजून घ्यायला तुझ्याबरोबर कबड्डी खेळलेला माणूस असू दे.

दुसरा प्रश्न. त्याच्या मुली मातीवर खेळतात, तुमच्याकडे मॅट आहे. मातीवर अनवाणी पाय घसरतो आणि थांबतो, मॅटवर बूट एकदम पकडतो. मातीवर शिकलेली मुलगी मॅटवर पहिले काही आठवडे गुडघा दुखवून घेते. हे त्याला माहीत आहे का? मला माहीत आहे की त्याला माहीत आहे, कारण दोन मुलींना स्वतःच्या खर्चाने बूट घेऊन तो जिल्ह्याच्या मॅटवर नेत असतो. पण तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. स्वतः विचार.

तिसरा प्रश्न. तो हरतो तेव्हा काय करतो? चार वर्षांत तीन विजेतेपदं तू मोजलीस. चौथ्या वर्षी काय झालं, हे विचारलंस का? त्या वर्षी पहिल्याच फेरीत तो बाहेर पडला. परतीच्या एसटीत एकाही मुलीला बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला मैदानात होता आणि सराव पायांच्या हालचालीपासून पुन्हा सुरू केला. माणूस निवडायचा असेल तर त्याचं ते चौथं वर्ष बघ.

चौथा प्रश्न. सगळ्यांत चांगली खेळणारी मुलगी उशिरा आली तर तो काय करतो? आमच्याकडे बसवतो. तुमच्याकडे देश खेळलेली मुलगी उशिरा येईल, तेव्हा तिला बसवायची मुभा त्याला देणार आहात का? हा प्रश्न त्याला विचारायचा नाही. हा तुम्हाला आहे.

इथेच मला तुझा खरा राग आला. करार तू मला सांगितलास. अकरा महिने. संघ समिती निवडणार. सहायक समिती देणार. पहिल्या हंगामात करंडक आला नाही तर नमस्कार. ही नेमणूक आहे की सापळा? ज्या कामासाठी माणूस घेता, तेच काम त्याच्या हातून आधी काढून घेता. मग तो पडला की तुम्ही म्हणणार, बघा, लहान जागेचा होता. ते वाक्य तुमचं आत्ताच तयार आहे. मला ते तुझ्या डोळ्यांत दिसलं.

चंद्रकांत पंडितांचं ऐक. त्यांनी २०१५-१६ मध्ये मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला. पुढच्या हंगामात मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि पंडितांच्या जागी दुसरा माणूस आला. अंतिम सामना हरणं हा केवढा गुन्हा! पंडित विदर्भाला गेले. त्याआधी विदर्भाने रणजी कधी जिंकलेली नव्हती. त्यांनी २०१७-१८ मध्ये जिंकली, २०१८-१९ मध्ये पुन्हा जिंकली. मग मध्य प्रदेशाला गेले. त्याच मध्य प्रदेशाचे कर्णधार असताना १९९८-९९ मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर ते अंतिम सामना हरले होते. जून २०२२ मध्ये त्याच मैदानावर त्यांच्या संघाने रणजी जिंकली, तीही मुंबईला हरवून. तेव्हा कुठे कोलकाता नाइट रायडर्सना जाग आली. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांना नेमलं. पहिल्या वर्षी संघ सातवा आला. तुझा करार असता तर तिथेच नमस्कार झाला असता. त्यांनी ठेवलं. २०२४ मध्ये तोच संघ आयपीएल जिंकला.

त्या चिन्नास्वामीवरच्या सामन्यात हरलेल्या मुंबईचे प्रशिक्षक कोण होते, आठवतं? अमोल मुजुमदार. पंडित आणि मुजुमदार, दोघेही आचरेकर सरांचे शिष्य. फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रमच्या सचिन आणि कांबळीने ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा म्हणजे मुजुमदार. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, पण भारतासाठी एकही सामना मिळाला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांना भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक केलं. २०२५ च्या विश्वचषकात त्यांचा संघ लागोपाठ तीन सामने हरला. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड, इंग्लंडकडून तर फक्त चार धावांनी. देशभर आरडाओरड झाली. त्या रात्री तुझी समिती असती तर? पण ते राहिले, मुलीही राहिल्या. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा पार केल्या आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून त्या जगज्जेत्या झाल्या. तीन पराभव आणि विश्वचषक यांच्यामध्ये फक्त दोन आठवडे होते. तेवढा धीर तुझ्याकडे आहे का?

तुम्हाला परदेशची उदाहरणं लागतात, तीही देते. अमेरिकेत विद्यापीठांचा फुटबॉल चालतो, तो अंडाकृती चेंडूचा. तिथे जिम ट्रेसल नावाचे प्रशिक्षक यंगस्टाउन स्टेट या लहान विद्यापीठात पंधरा हंगाम होते, चार राष्ट्रीय विजेतेपदं तिथेच मिळवली. २००१ मध्ये ओहायो स्टेट या बलाढ्य विद्यापीठाने त्यांना नेलं. पहिल्या हंगामात सात सामने जिंकले, पाच हरले. दुसऱ्या हंगामात एकही हरले नाहीत, राष्ट्रीय विजेते झाले. अलीकडचे कर्ट सिग्नेटी. लहान विद्यापीठांच्या पायऱ्या चढत ते २०२३ अखेर इंडियानाला आले. तो संघ त्या वर्षी बारापैकी तीन सामने जिंकला होता. पुढच्या वर्षी तेरापैकी अकरा जिंकला. जादू नव्हती. आपल्या जुन्या विद्यापीठातले तेरा खेळाडू आणि भरवशाचे सहायक ते बरोबर घेऊन आले आणि तिथल्या लोकांनी त्यांना ते करू दिलं.

तू म्हणालास, त्याची एक अट विचित्र वाटली. बरोबर एका ताईला घेऊन यायचं म्हणतो. विचित्र? ती ताई त्याचीच पहिली खेळाडू. मुलींच्या आया तिच्याशी बोलतात. कुणाची पाळी कधी, कुणाला चक्कर येते, कुणाच्या घरी लग्नाचं चाललंय, हे सगळं तिच्या वहीत असतं. मुलींचा संघ चालवायचा आणि ही अट तुला विचित्र वाटते? तिच्याशिवाय त्याला नेणं म्हणजे उजवा हात इथे ठेवून डावा नेणं आहे.

तुझ्या वडिलांची बाग तू विसरला असशील, मी विसरलेले नाही. मोसंबीचं कलम करताना रंगपूर लिंबाच्या नाहीतर जंभेरीच्या खुंटावर डोळा भरतात. डोळा कितीही चांगल्या झाडाचा आणा, खुंट किडका असेल तर तो वाळतो. तेव्हा डोळ्याला कुणी दोष देत नाही. या गोष्टीत तो मुलगा डोळा आहे आणि तुझी अकादमी खुंट आहे. परवा तू तासभर डोळाच तपासत बसलास. खुंट तपासलास का? आणि लावल्यानंतर चार-पाच वर्षं तुझे वडील पाणी घालत, खत घालत, काठी घेऊन उभे राहत. अकराव्या महिन्यात झाडाखाली जाऊन फळ कुठे म्हणून ओरडल्याचं मला आठवत नाही.

तुझंच सांगते. अपूर्णांक तुला यायला तीन वर्षं लागली. पाचवीत नापास, सहावीत काठावर, सातवीत कुठे छेदाला छेद करायला शिकलास. मुख्याध्यापक म्हणाले होते, बाई, याच्यावर कशाला वेळ घालवता. मी तुझ्याशी अकरा महिन्यांचा करार केला असता तर आज तू ज्या खुर्चीवर बसतोस ती दुसऱ्या कुणाची असती. समर्थ रामदास नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं होते असं परंपरा सांगते. बारा वर्षं दे असं मी म्हणत नाही. तीन दे. तुला दिली होती तेवढी.

आणि एक शेवटची गोष्ट, जी तुझ्या डोक्यातही आली नाही. तो गेला तर इथल्या चौदा मुलींचं काय? तुम्ही मोठ्या संस्था पिकलेलं फळ तोडायला येता आणि झाडाकडे मागे वळून बघत नाही. मी त्याला अडवणार नाही. त्यालाही मी सुनावलंय. पगारासाठी जाणार असशील तर जा, पण तिथे गेल्यावर ओट्यावर बसायला लाजू नकोस, आजीशी बोलायचं विसरू नकोस. ज्या दिवशी तू तिथल्यासारखा बोलायला लागशील, त्या दिवशी त्यांना तुझा उपयोग संपेल. तो खाली मान घालून ऐकत होता. तू पण ऐक. त्याला न्यायचं असेल तर जाण्याआधी त्याच्या हाताखाली इथल्याच एखाद्या मुलीला तयार करायला सहा महिने दे. वर्षातून दोनदा या मुलींना तुमच्या मॅटवर खेळायला बोलाव, येण्याजाण्याचा आणि जेवणाचा खर्च तुमचा. हे उपकार म्हणून करायचं नाही. पुढचा प्रशिक्षक, पुढची पकड घेणारी मुलगी अशाच मैदानातून येणार आहे. ते मैदान ओस पडलं तर दहा वर्षांनी तू कुणाकडे गाडी हाकणार?

सोमवारी सकाळी ये. साडेसहाला नाही, साडेपाचला. माझ्या घरी येऊ नकोस, सरळ मैदानावर जा. ड्रायव्हरला रस्त्यावर थांबव. चपला मैदानाबाहेर काढ, ती माती त्याने हाताने केलेली आहे. खुर्ची मागू नकोस. पहिला तास एक शब्द बोलू नकोस, फक्त बघ. कोण कुठे उभी राहते, तो कुणाला हाक मारतो, कुणाला हाक न मारता नुसतं बघतो. मग त्याला विचार, चार मुली उरल्या की तू काय करतोस. त्याचं उत्तर ऐकून झालं की त्याच्या वहीला हात लावायची परवानगी माग. परवानगी मिळाली तर माझ्याकडे चहाला ये. पेढे तोपर्यंत टिकतील.

आणि त्यानंतरही तुला वाटलं की हा माणूस तुमच्या जागेला योग्य नाही, तर तसं त्याच्या तोंडावर, कारण देऊन सांग. मी तुला एक शब्द बोलणार नाही. बघून दिलेला नकार मला चालेल. न बघता दिलेला होकारही मला चालत नाही.

आईला नमस्कार सांग. तिच्या गुडघ्याचं काय झालं ते परवा मी विचारायची राहिले, कारण तू घड्याळ बघत होतास.

तुझ्या बाई